'कुत्र्याला घामच येत नाही' म्हणे!

'नवीन रनर्ससाठी खास : तुमचा कुत्राच तुमचा कोच' असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : कुत्रा जन्मजात धावपटू, त्यामुळे कुठलीही जात चालते, त्याला घाम येत नाही, म्हणजे उकाड्याचा त्रास नाही, दमला की तो आपणहून थांबतो, पळण्याआधी भरपेट खायला घाला, पिल्लू असतानाच सवय लावा, आणि पहिल्या दिवसापासून 5 किलोमीटर, कारण तो ओढेल आणि तुम्ही पळाल.

असले मेसेज मी न वाचताच पुढे जाते. पण आमच्या ठाण्याच्या दादाने त्यावर अंगठा दिला आणि खाली लिहिलं, 'उद्यापासून ऑफिसातून आलो की मी आणि गोट्या, तलावपाळीला.' गोट्या पग आहे. दोन मजले चढला की दारातच फरशीला पोट लावून पसरतो आणि घोरल्यासारखा श्वास घेत राहतो. आणि महिना मे.

आधी घामाचं बघू. घाम येत नाही हे जवळपास खरं आहे. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, पण त्याने अंग काही गार होत नाही. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे कमालच! अहो, घाम हा त्रास नाही, त्रासावरचा उतारा आहे. तो उतारा ज्याच्याकडे नाही त्याला उकाडा जास्त बाधणार की कमी? कुत्र्याची सगळी भिस्त धापेवर. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा हवेत उडतो, त्याने रक्त थंड होतं. हवाच दमट असली की ओलावा उडणार कुठे? म्हणून 'सकाळी सहाला नेतो, ऊन नसतं' हे पुण्या-नाशकात ठीक, पण ठाण्या-मुंबईत अर्धवटच खरं. तिथे दमटपणा पहाटे सर्वांत जास्त असतो. त्यात पगचं नाक चेपलेलं, नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग घशात लोंबणारा. धाप लागण्याचा रस्ताच अर्धा बंद. बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांचीही थोडीफार हीच रड.

हे माझ्या मनाचं नाही. रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 9 लाखांहून जास्त कुत्र्यांच्या 2016 सालच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. उष्माघाताच्या जवळपास तीन-चतुर्थांश घटनांमागे चालणं, पळणं, खेळणं अशी हालचाल होती. ज्याची सगळ्यांना धास्ती, ती उन्हातली बंद गाडी साधारण 5 टक्के. आणि हे ब्रिटनमध्ये, जिथे पारा तिशीला टेकला की बातमी होते.

आता सगळ्यात घातक वाक्य : 'दमला की आपणहून थांबतो.' नाही थांबत. पट्टा तुमच्या हातात असतो, तुम्ही पळताय म्हणून तो पळतो. बहुतेक कुत्री माणसाच्या मागे राहायचं नाही म्हणून रेटत राहतात. त्यांचं नेहमीचं तापमान 38-39 अंश सेल्सिअस. 41 च्या पुढे गेलं की जिवाशी खेळ. तो खाली बसेपर्यंत वाट बघितलीत तर उशीर झालेला असू शकतो. बघायचं ते त्याआधी : जीभ लांब बाहेर येऊन टोकाला रुंद झालीय, लाळ चिकट झालीय, हिरड्या गडद लाल दिसतायत, चाल झोकांड्या खातेय. तिथेच थांबायचं, सावलीत न्यायचं, अंगावर नळाचं पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि मग डॉक्टरांकडे पळायचं. आधी गार करा, मग रिक्षा शोधा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली ऊब कोंडते.

बरं, एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. कुत्रा दारात पट्टा तोंडात धरून उभा राहिला की दांडी मारता येत नाही. आणि धडधाकट, वयात आलेला लॅब्राडोर किंवा आपला गावठी कुत्रा नवख्या माणसापेक्षा केव्हाही चांगला पळतो. पण 5 किलोमीटरची घाई माणसालाही झेपणारी नाही. 'काऊच टू फाइव्ह के' हा नवख्यांचा प्रसिद्ध कार्यक्रम पहिल्या आठवड्यात 60 सेकंद पळायला आणि 90 सेकंद चालायला लावतो. हेच कुत्र्यालाही सोसतं, चालताना तो हुंगून घेतो, पाणी पितो. तेही आधी डॉक्टरांनी सांधे आणि हृदय तपासल्यावर.

भरपेट खायला घालून पळवणं? जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या जातींमध्ये जठर फुगून पीळ पडू शकतो, तातडीने ऑपरेशन केलं नाही तर कुत्रा जातो. खाणं आणि पळणं यात दोनेक तास जाऊ देत. पिल्लाची हाडं वाढत असतात. मोठ्या जातींना दीड वर्ष तरी डांबरावर लांब पळवू नये.

डांबरावरून आठवलं, संध्याकाळी ऊन उतरलं तरी रस्ता तापलेलाच असतो. तळहाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. नाही ठेववली, तर त्याचे पंजेही नाही ठेवायचे. आणि फॉरवर्डवाल्याला बहुधा माहीतच नसावं, पण आपल्याकडे प्रत्येक गल्लीची भटकी टोळी ठरलेली असते. पळत येणारा परका कुत्रा दिसला की ती अंगावर येते, आणि पट्ट्यात अडकलेल्याला पळताही येत नाही. आधी तो रस्ता चालत जाऊन बघा, टोळी कुठे बसते ते कळेल, आणि तिथून चालतच जा.