वर्षाला एक शब्द

बँकेतली तीस वर्षांची नोकरी संपवून मी संगीताच्या एम. ए.ला नाव घातले, तेव्हा घरच्यांना धास्ती होती ती माझ्या गळ्याची. प्रत्यक्षात संकट आले ते लेखणीकडून. इतिहासाच्या पेपरसाठी ३,००० शब्दांचा निबंध लिहायचा होता आणि विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. मी वहीच्या पहिल्या पानावर, हिरव्या शाईने, ‘भारतीय संगीताचा इतिहास : सामवेदापासून आजतागायत’ असे लिहून ते पान मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवले. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मान वर न करता त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही बँकेत होता ना? मग हिशेब करा. सामवेदापासून आजपर्यंत तीन हजार वर्षं धरू. शब्दही तीन हजार. वर्षाला एक शब्द येतो.” हिशेबात चूक नव्हती. मी वही मिटली.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणाने ‘कोल्हापूरचे संगीत’ हा विषय धरला आणि संध्याकाळी रंकाळ्यावर आमच्या बाकावरच्या मंडळींना तो सांगण्याचा मूर्खपणा केला. विषय लहान करायचा आहे, असे कानावर पडताच आमच्या गावच्या माणसाला तो मोठा करण्याची उबळ का येते, हाच खरे तर संशोधनाचा विषय व्हावा. “गाण्याचा देवल क्लब १८८३चा, त्याच्याशिवाय काय लिहिणार तू?” एकाने सुरुवात केली. दुसऱ्याने शाहू महाराजांचे पॅलेस थिएटर काढले. तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते जळाले त्या रात्रीची आठवण निघाली आणि बाकावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. तेवढ्याच शांततेत मला वाटले, की सुटलो. पण तिसऱ्याने १९२९मध्ये इथेच स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी आणली, तिच्या मागोमाग ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार गोविंदराव टेंबे आले, आणि “सुधीर फडके जन्मानं इथलेच की!” असेही कोणी तरी मागून बजावले. शेवटी आमचे एक माजी पैलवान छातीवर हात ठेवून म्हणाले, “ते सगळं ऱ्हाऊ दे. हलगी घातलीयस का? आणि शाहीर पिराजीराव सरनाईकांना वगळलंस तर पेठेत फिरू नकोस.” घरी पोचेपर्यंत माझा विषय सामवेदापेक्षा जड झाला होता.

म्हणून मी एका माणसावर आलो : उस्ताद अल्लादिया खाँ, १८५५ ते १९४६. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. एक माणूस म्हणजे विषय आटोपशीर, अशी माझी समजूत होती. परंतु घराण्याच्या प्रवर्तकाला एकटे गाठता येत नाही, हे मला चार दिवसांत उमगले. त्यांच्यामागे मंजी खाँ आणि भूर्जी खाँ हे पुत्र उभे असतात, भूर्जी खाँसाहेबांमागे त्यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर असतात, दुसऱ्या दाराने खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर येतात, मोगूबाईंचे बोट धरून त्यांची लेक किशोरी आमोणकर येतात. त्यातून ही मंडळी अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या, आणि जोड रागांची शौकीन. दोन रागांची सांधेजोड समजावून सांगायलाच माझे हजारभर शब्द खर्ची पडले असते. मॅडमनी माझी आठ पानी रूपरेषा वाचली आणि समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले : ‘अजून बारीक करा.’

मीही चिडलो आणि बारीक केले. ‘कोल्हापूर दरबारातील गायनसभांच्या वेळी पानविड्यांवर होणारा खर्च’ हा विषय मला, खातेवह्यांत आयुष्य गेल्यामुळे असेल, फारच देखणा वाटला. तीन दिवस मी ग्रंथालयात बसलो. विडे सापडले नाहीत. चौथ्या दिवशी तिथल्या बाई स्वतःहून टेबलाशी आल्या आणि अत्यंत आपुलकीने म्हणाल्या, “काका, पान खायचंच असेल तर खाली टपरी आहे.”

“तुम्हाला नक्की काय कळत नाहीये, ते आधी लिहा,” असे मॅडमनी यावर सांगितले. मला काय काय कळत नाही याची यादी ३,००० शब्दांत बसणारी नव्हती. त्या रात्री हताश होऊन मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो आणि मोबाइलवर केसरबाईंची भैरवी लावली, ‘जात कहाँ हो’. ही तीच भैरवी, जी १९७७मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. निघालेल्या पाहुण्याला ‘कुठे चाललात?’ असे विचारणारी बंदिशच त्याच्यासोबत द्यावी, हा योग मला फार आवडतो. सौ. भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग तवा बाजूला सारून आचेवर धरली. भाकरी टम्म फुगली आणि त्याच सुमारास भैरवी संपली. “अहो, एवढ्यातच संपलं? तुमच्या त्या क्लबात तर एकेक बाई तासभर उठत नाही,” ती म्हणाली.

मी पाटावरून उठलोच. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. मैफलीत तास घेणारा राग तेवढ्यात बसवताना या गायकांनी काय ठेवले आणि काय गाळले? आलाप किती आखडला, ताना कुठे आल्या? मला हेच कळत नव्हते, आणि ते सौ.ला भाकरी उलटता उलटता सुचले होते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढे पान ठेवले : ‘७८ फेऱ्यांच्या तबकडीवरील साडेतीन मिनिटांची मर्यादा आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीतील आलाप व तानांची मांडणी : केसरबाई केरकर यांच्या निवडक ध्वनिमुद्रणांच्या आधारे एक अभ्यास’. सामवेदापासूनचा सगळा इतिहास पाच शब्दांत मावला होता. विषय जसजसा आक्रसत गेला, तसतसे शीर्षक फुगत गेले. मॅडमनी ते दोनदा वाचले, प्रथमच हसल्या आणि ‘मंजूर’ असे लिहून खाली सही केली. मी दारापर्यंत पोचलो असेन, तोच मागून आवाज आला, “काका, शीर्षकही शब्दमर्यादेत धरतात बरं का.”

माझ्याकडे आता २,९७८ शब्द उरले आहेत.