पिशवी धरलेले गृहस्थ

आज सकाळी साडेसहाला मोबाइल टुणकन वाजला. फेरीच्या ग्रुपवर नानांचा मेसेज होता : "परवाच्या फेरीत माझी फांद्यांची पिशवी ज्या गृहस्थांकडे राहिली त्यांनी ती कृपया आणून द्यावी. नाव माहीत नाही. फोटो टाकत आहे." आणि खाली मी. हातात साड्यांच्या दुकानाची पिवळी पिशवी, तीतून डोकावणारी चाफ्याची फांदी, मागे संगमरवरी देवदूत आणि चेहऱ्यावर रंगेहाथ सापडलेल्या माणसाचे भाव. दुपारपर्यंत नऊ जणांनी त्यावर अंगठा उमटवला होता. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

'जुन्या दफनभूमीत वनस्पती व शिल्पकला फेरी, रविवार सकाळी ७, शुल्क ३०० रुपये, मिसळ ज्याची त्याने.' बायको म्हणाली होती, "पैसे भरून तिथं जायची एवढी काय घाई?" तिचं ऐकायला हवं होतं. पण नाशिकची थंडी, रविवार, आणि नंतरची मिसळ. गेलो.

फेरी घेणारी मुलगी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि तिला खरंच येतं, हे आधी कबूल करतो. बॉस्टनजवळच्या माउंट ऑबर्नपासून तिनं सुरुवात केली. १८३१ साली तिथं दफनभूमी आखली ती बागेसारखी. टेकड्या, तळी, वळणावळणाच्या वाटा. अमेरिकेतल्या शहरांना तेव्हा आजच्यासारखी उद्यानं नव्हती, म्हणून लोक हवा खायला, डबे घेऊन, थेट तिथंच जायचे. मग ती फाटकातल्या देवचाफ्याकडे वळली. देवळात आणि कबरीशेजारी सारख्याच हक्कानं उभं असलेलं हे झाड आपल्याकडचं नव्हेच, मेक्सिको-कॅरिबियनकडचं. त्याच्या फुलात मध नसतो. रात्री नुसता वास सोडतं. पतंग मधाच्या आशेनं या फुलावरून त्या फुलावर हिंडतात, फुकटात परागीभवन करून देतात आणि उपाशी परत जातात. मला माझे ३०० रुपये तिथंच आठवायला हवे होते.

नाना मला त्या चाफ्याखालीच चिकटले. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात मफलर, खिशात द्राक्षाच्या छाटणीची कात्री. "बाग आता मुलगा बघतो. कात्री तेवढी माझ्याकडं राहिली," ते म्हणाले. "मला सगळे नानाच म्हणतात. भाऊ, जरा पिशवी धरता का? बोटं आखडतात हो थंडीत."

मी धरली. माझा गुन्हा एवढाच.

नानांचं वनस्पतिशास्त्र एका प्रश्नात संपायचं : हे कशावर चालतं? मुलगी सांगत होती की बोगनवेलीचं जे रंगीत दिसतं ती पाकळी नव्हे, ते पानाचंच रूप. खरं फूल मधलं पांढरं, चिमुकलं.

"कशावर चालते?" नाना.

"कुंपणावर चालते, काका."

लोक हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी कच्‌कन एक फांदी उतरवली आणि न बघता मागे हात केला. मागे मी होतो. पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात म्हटल्यावर "म्हणजे झोपेवर चालत असेल" असं त्यांनी स्वतःच ठरवलं. तेवढ्यात मुलीकडून चूक झाली. पायाखालची कंबरमोडी दाखवून ती म्हणाली, "हिचा पाला मात्र जखमेवर लावतात." नानांनी तिथंच बसकण मारून मूठभर उपटली. "गुडघ्यावर?" मुलगी नाही म्हणाली. "मग कंबरेवर," नाना मला हळूच म्हणाले. "नावातच आलं की."

शिल्पकलेत तर त्यांना फारच रस निघाला. एका कबरीवर अर्ध्यात तुटलेला दगडी खांब होता. आयुष्य मध्येच तुटलं हे दाखवायला तो मुद्दामच तुटका घडवतात, असं मुलीनं सांगितलं. नानांनी खांबाला प्रदक्षिणा घातली.

"मुद्दाम?"

"हो काका."

"पण पैसे पूर्ण घेतले असतील ना त्यानं?"

पुढं वस्त्र पांघरलेला कलश. शोकाची खूण. नाना म्हणाले, "लोणच्याची बरणी आहे. दादरा बांधलाय बघा." गंमत म्हणजे त्यानंतर मला तो कलश दिसेचना, बरणीच दिसायला लागली. अजून दिसते.

मग दगडफूल. हे सविस्तरच सांगायला हवं. एका काळ्या दगडावर करड्या-हिरव्या रंगाचे रुपयाएवढे गोल उठले होते. मुलगी खुलली. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. वाढ अतिशय सावकाश, बऱ्याचदा वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, कधी तेवढीही नाही. कबरीवर तारीख कोरलेली असते, म्हणून तिथल्या गोलाचा व्यास मोजून वाढीचा वेग काढता येतो आणि त्यावरून तारीख नसलेल्या दुसऱ्या दगडांचं वय. मी मनापासून ऐकत होतो. नानाही ऐकत होते, पण वेगळ्या कारणानं.

"म्हणजे हे मसाल्यातलंच?"

"त्याच्या जातभाईंपैकी. मसाल्यातलं पानासारखं सुटं असतं. हे दगडाला घट्ट धरून आहे."

"खरवडलं की सुटतं."

"काका, खरवडायचं नाही!"

"आणि एवढं वाढायला किती म्हणालात? पन्नास वर्षं? साठ?" नाना माझ्याकडे वळले. डोळ्यांत चमक. "भाऊ, जुना माल आहे. बाजारात असा मिळतो का? आमच्या हिला गोड्या मसाल्यात दगडफूल सढळ लागतं. आणि परवा काय भाव सांगितला त्यानं मेन रोडला!"

"नाना, ही कबर आहे."

"आहे ना. मग गिरणीतून आणू का?"

याला उत्तर काय द्यायचं, हे मला दोन दिवसांनीही सुचलेलं नाही. मुलीनं कात्री खिशात घालायला लावली. नाना निमूट झाले आणि रुमाल काढून नाक पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

मध्येच शरणपूरची गोष्ट झाली, ती मात्र मला लागली. मी शरणपूर रोडला जातो तो चष्म्याचा नंबर वाढला की. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनऱ्यांनी तिथं आणून शिकवलं, त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा सोबत्यांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं आणि खोडावर नाव कोरलं ते या वेनराइटनं. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. आमच्या नाशकात शिकलेला पोरगा! "खोडावर नाव कोरणं वाईटच," नाना म्हणाले. "पांडवलेणीवर बघा काय करून ठेवलंय." आणि कच्‌.

एव्हाना मी थोडा मागे रेंगाळलो होतो. तिथं संगमरवराच्या पाटीवर शिशाची अक्षरं बसवली होती. निम्मी गळून पडलेली. अक्षर गेलं की मागं खाच राहते आणि खाचेत दोन-तीन बारीक भोकं, शिसं घट्ट बसावं म्हणून पाडलेली. मी बोट फिरवलं. नाव लागेना, भोकंच हाताला लागली. शेजारच्या साध्या सिमेंटच्या कबरीवर एक बाई बादली आणि खराटा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे, पिशवीकडे आणि फोटो काढणाऱ्या घोळक्याकडे पाहिलं. "तुम्ही कुणाकडं आलात?" असं अगदी साधेपणानं विचारलं. पाहुण्याला दारात विचारतात तसं. मी म्हणालो, "झाडांकडे." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खराटा चालवायला लागल्या. त्या मान हलवण्यात काय होतं माहीत नाही, पण मिसळीची भूक गेली.

आणि खोटं कशाला बोलू, झाडांकडेच आलो होतो. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हणून गावात केवढा गदारोळ झाला! घाटावर काँक्रीट, रस्त्यावर खोदकाम, बागेत सेल्फी पॉइंट. या शहरात तास-दीड तास सावलीत, हॉर्नशिवाय चालायचं तर मेलेल्यांच्या दारात यावं लागतं, आणि तेही पावती फाडून. दोनशे वर्षांपूर्वी बॉस्टनच्या लोकांची जी अडचण होती ती आमची आज आहे. त्यांना निदान तळी तरी मिळाली.

"ओ! पिशवीत काय?"

राखणदार मामा. देवदूताच्या अगदी पुढ्यात गाठलं त्यांनी मला. पिशवी उलटी केली : चाफ्याच्या तीन फांद्या, बोगनवेल, कंबरमोडी, आणि एक मी कधी पाहिलंही नव्हतं असं झुडूप, मुळासकट. "बोर्ड वाचता येतो ना? शिकलेले दिसता." मी नानांकडे बघितलं. नाना लांब उभे राहून एका शिलालेखाचा अभ्यास करत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, हे त्यांनीच मला अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. वहीत नाव, पत्ता, सही. फोटो बहुधा तेव्हाचाच. फांद्या पालापाचोळ्याच्या ढिगात गेल्या आणि रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात आली.

घरी दारातच बायको. "तसेच थांबा. कुठून आलात?" पार्किंगच्या नळाखाली, नाशिकच्या थंडीत, भर सकाळी साडेदहाला आंघोळ. पहिल्या मजल्यावरचे जोशी खाली आले, हात जोडून गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कोण गेलं?"

पिशवी घरात घ्यायची नाही असा हुकूम आहे. ती स्कूटरच्या हुकाला लटकते आहे. आज दुपारी मी ग्रुपवर नाही, नानांना वेगळं लिहिलं : पिशवी माझ्याकडे आहे, फांद्या मामांनी काढून घेतल्या, आणि माझा फोटो कृपया काढून टाकावा.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "फांद्यांचं जाऊ द्या भाऊ. दगडफूल रुमालात होतं, ते वाचलं. कालच हिनं मसाला कुटला. पिशवी न्यायला संध्याकाळी येतो, डबा घेऊन येतो. पत्ता पाठवा."

पत्ता मी अजून पाठवलेला नाही. फोटोही अजून तिथंच आहे.