आईंच्या हातावरचा फोड, पांढरा डाग आणि मी दिलेला नकार : मालवणच्या दवाखान्याकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज ओपीडी सुरू व्हायच्या आधी पुन्हा एकदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आईंच्या उजव्या हाताच्या बोटांवर चामखिळी होत्या. पहिल्यांदा आलात तेव्हा ‘नायट्रोजन संपलाय’ (चामखीळ गोठवायला लागणारा अतिथंड द्रव) म्हणून आम्ही परत पाठवलं. दुसऱ्यांदा चामखिळी गोठवल्या, तर रात्रीत रक्ताचा टपोरा फोड आला. आई बाजारात मासे विकतात, त्यांना आठवडाभर घरी बसावं लागलं. खपली पडली तर खाली पांढरा डाग, आणि एक चामखीळ जागच्या जागी. गालावरचे काळे मस काढायला मात्र मी साफ नकार दिला. यापेक्षा शेजारच्या काकींनी सांगितलेलं काजूचं तेल लावलं असतं तर फुकटात झालं असतं, असं शेवटी म्हटलंय.

पेशंटचा केसपेपर मी इथे उघडा करू शकत नाही. म्हणून तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर देते.

फोड येणं ही चूक नव्हती. फोड येणार हे मी नीट सांगितलं नाही, ही माझी चूक होती. ‘थोडं सुजेल, फोड येऊ शकतो’ एवढं मी म्हणाले असेन, पण घाईत म्हटलेलं ‘येऊ शकतो’ कोणाच्या लक्षात राहतं? बोटावरची चामखीळ जाड कातडीत रुतलेली असते, तिथे गोठवणं खोलवर जावं लागतं, आणि मग दिवसभरात फोड येतोच असं धरून चालायचं असतं. त्यात रक्त उतरलं की तो काळाजांभळा होतो आणि घरातली माणसं घाबरतात. रक्ताचा असला म्हणून तो जास्त धोक्याचा नसतो. मात्र वरची कातडी ओरबाडायची नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे आई काय काम करतात हे मी विचारलंच नाही. ओल्या हाताने, बर्फात, कोयतीवर दिवसभर मासे कापणाऱ्या बाईचा कामाचा हात ऐन हंगामात गोठवायला नको होता. कातडी पाण्यात मऊ पडते, काटे टोचतात, आणि चामखिळीचा विषाणू अशाच बारीक चिरांतून आत शिरतो. मासळी आणि मटण हाताळणाऱ्यांच्या हातांवर चामखिळी जास्त दिसतात, हे वैद्यकशास्त्रात जुनंच निरीक्षण आहे. मालवणात दवाखाना चालवून मी हे विचारलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आठवडाभराची विक्री बुडणं म्हणजे काय, ते मला कळतं. त्याबद्दल आईंची माफी मागते.

नायट्रोजनचं सांगते. तो द्रवरूप असतो, उणे 196 अंशांना उकळतो. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जो कंटेनर असतो, त्यात हाच असतो. त्याचं झाकण घट्ट लावता येत नाही, वाफेचा दाब साठला तर भांडं फुटेल. त्यामुळे वापरा किंवा नका वापरू, तो रोज थोडा उडून जातो. आमचा कोल्हापूरहून येतो. करूळ घाटात दरड आली की गाडी अडकते, आणि इकडे कंटेनर रिकामा होत जातो. हे सगळं खरं असलं तरी तुम्हाला आदल्या दिवशी फोन करणं आमच्या हातात होतं. तो केला नाही. आता सकाळी काठी बुडवून पातळी मोजतो आणि कमी असेल तर त्या दिवशीच्या पेशंटना आधीच कळवतो.

आता पांढरा डाग आणि गालावरचे मस. या दोन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात, पण त्यांचं कारण एकच आहे. ते कारण मी त्या दिवशी तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं.

चामखिळीवर नायट्रोजनचा फवारा मारला की ती आधी पांढरी पडते, मग तिच्या भोवती एक-दोन मिलिमीटरचं बर्फाचं कडं उमटतं. ते कडं दिसलं की मी मनात सेकंद मोजते, थांबते, वितळू देते आणि बहुतेक वेळा पुन्हा एकदा गोठवते. वितळताना ठणका लागतो, तो आईंनी निमूट सोसला असं तुम्हीच लिहिलंय. पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होतात, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि तो भाग मरतो. पण सगळ्या पेशी सारख्या चिवट नसतात. कातडीच्या नेहमीच्या पेशी मरायला साधारण उणे 20-25 अंशांपर्यंत जावं लागतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी उणे 5 च्या आसपासच मान टाकतात. म्हणजे चामखीळ मारायला पुरेशी थंडी दिली की तिथला रंग तिच्या आधी जातो. गोऱ्या कातडीवर ते फारसं कळत नाही, आपल्या सावळ्या रंगावर लगेच उठून दिसतं. हा कोडाचा डाग नाही, तो पसरणार नाही. बऱ्याच जणांचा रंग काही महिन्यांत कडेकडेने परत भरतो. काहींचा पूर्ण भरत नाही, हेही आज लिहून ठेवते, कारण तेव्हा ते सांगायचं राहिलं.

बोटावर हा सौदा मला मान्य आहे. गालावर नाही. गालावरचे ते बारीक काळे मस निरुपद्रवी असतात. त्यांचा कॅन्सर होत नाही, ते संसर्गाने पसरत नाहीत, बहुतेकदा आईकडून लेकीकडे आलेले असतात. ते मी गोठवले असते तर काळ्या ठिपक्यांच्या जागी पांढरे ठिपके आले असते. ‘जाळून टाका एकदाचे’ असं रोज कोणीतरी म्हणतं. फवारा हातात असतो, दोन मिनिटांचं काम असतं, पैसेही मिळतात. तरी पुन्हा आलात तर पुन्हा नाहीच म्हणेन. आईंना ते काढायचेच असतील तर बारीक सुईच्या हलक्या करंटने काढता येतात. तेही आधी कानाजवळचा एकच काढून, दोनेक महिने थांबून, डाग कसा भरतो ते बघून. न काढले तरी काहीही बिघडत नाही.

(एखादा काळा ठिपका वाढतोय, रंग बदलतोय किंवा त्यातून रक्त येतंय असं कोणाला दिसलं, तर तो कुठेही गोठवून घेऊ नका. गोठवला की तपासायला तुकडाच उरत नाही.)

राहिलेल्या चामखिळीबद्दल. एका बैठकीत सगळ्या जातीलच असं नसतं. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका लागू शकतात, कारण थंडीने कातडी मरते, विषाणू मरत नाही. त्याला शेवटी शरीराची प्रतिकारशक्तीच हटवते. हा अंदाज आणि एकूण खर्च मी आधी कागदावर लिहून द्यायला हवा होता. आता प्रत्येकाला देते. शिवाय सॅलिसिलिक अॅसिडचं औषध हाही पर्याय आहे. ते स्वस्त आहे, घरी लावता येतं, फक्त दोन-तीन महिने रोज चिकाटी लागते. लहान मुलांच्या चामखिळी तर पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, त्यांना मी शक्यतो हातच लावत नाही.

आणि ताई, एक विनंती. काजूच्या टरफलाचं तेल लावू नका. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात तुम्ही पाहिले असतील, बोटं काळी पडून सालं निघालेली असतात. ते तेल चामखीळ ओळखत नाही, जिथे ओघळेल तिथली कातडी जाळतं. मानेवर ते लावून आलेल्या एका बाईंच्या गळ्यापर्यंत ओघळाची रेघ भाजलेली मी पाहिली आहे. तिचा मूळचा मस तांदळाएवढा होता. बिब्ब्याचंही तेच. काकींची चामखीळ गेली असेल, नाही म्हणत नाही, पण आईंच्या हातावर हा प्रयोग नको.

उरलेली चामखीळ पुन्हा गोठवायची घाई नाही. आईंची तयारी असेल तर आधी सॅलिसिलिक अॅसिड सुरू करू, रात्री काम संपल्यावर लावायचं. तेवढ्याने नाही गेली तर पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत, हाताला विश्रांती असताना गोठवू. घाटाचा भरवसा नसतो, म्हणून त्या महिन्यांत यंदा दोन कंटेनर मागवणार आहे. या चामखिळीच्या पुढच्या बैठकांचे पैसे घेणार नाही. डाग बघायला आईंना कधीही आणा, शक्यतो दुपारी चारनंतर, बाजार आटोपल्यावर. रिसेप्शनवर नाव सांगितलंत की थेट आत या.