कोल्हापूरला सर्किट बेंच आले म्हणून मोहोळचे समन्स रद्द होत नाही

सोलापूर जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : कोल्हापूरला हायकोर्ट सुरू झाल्याने तालुका न्यायालयांचे अधिकार संपले, त्यांचे समन्स घेऊ नका, घेतले तरी हजर राहू नका, तालुक्यात नुसत्या तारखांवर तारखा पडतात, जमिनीचा दावा थेट कोल्हापूरला करा किंवा तहसीलदाराकडे जा, तालुक्याचे न्यायाधीश तसेही कोणाला तुरुंगात टाकू शकत नाहीत. एरवी असल्या मजकुराकडे मी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मामांनी याच संदेशाच्या भरवशावर वाटणीच्या दाव्याचे समन्स बेलिफाला परत करण्याचा बेत केला, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

यातला खरा भाग एवढाच, की मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे त्याच न्यायालयाचे कोल्हापुरात बसणारे न्यायपीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून काम करू लागले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेत आला. रिट याचिका किंवा द्वितीय अपील (पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्धचे अपील) यांसाठी आपल्याला आता मुंबई गाठावी लागत नाही. म्हणजे बदलले ते उच्च न्यायालयात जाण्याचे ठिकाण; खालच्या न्यायालयांच्या अधिकाराला कोणी हातही लावलेला नाही.

दावा कोठे दाखल करायचा, हे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ठरलेले आहे. कलम 15 म्हणते, की तो चालवण्यास सक्षम असलेल्या सर्वांत खालच्या दर्जाच्या न्यायालयात दाखल करावा. कलम 16 म्हणते, की स्थावर मिळकतीचा दावा ती मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तेथे करावा. मोहोळ तालुक्यातल्या जमिनीच्या वाटणीचा दावा थेट कोल्हापूरला नेण्याची सोय या दोन कलमांपुढे उरतच नाही. दिवाणी दावे मुळापासून ऐकण्याचा उच्च न्यायालयाचा सर्वसाधारण अधिकार मुंबई शहर-उपनगरापुरता आहे, तो कोल्हापूरला आलेला नाही.

सर्वांत घातक आहे तो समन्स न घेण्याचा सल्ला. समन्स नाकारले म्हणून ते बजावले गेलेच नाही, असे होत नाही. बेलीफ घराच्या दर्शनी भागावर प्रत चिकटवतो, तसा अहवाल देतो आणि न्यायालय समन्स बजावले गेले असे धरून पुढे जाऊ शकते. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, देण्यास समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात. कारण पटवून दिले तर न्यायालय एकूण 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवून देते. प्रतिवादी फिरकलाच नाही, तर दावा एकतर्फी चालतो. वादीला तेव्हाही पुरावा द्यावाच लागतो, पण त्याची उलटतपासणी घ्यायला समोर कोणी नसते, आणि भाऊबंदकीच्या दाव्यात विहिरीचा हिस्सा, बांधावरची झाडे, आजोबांनी तोंडी करून दिलेली वहिवाट हे सगळे उलटतपासणीतच बाहेर येते. असा एकतर्फी हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) झाल्यावर तो रद्द करून घेण्यासाठी 30 दिवसांत अर्ज करता येतो, परंतु त्यात गैरहजेरीचे सबळ कारण द्यावे लागते. ‘व्हॉट्सॲपवर वाचले होते’ हे कारण कोणते न्यायालय ऐकून घेईल, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

तहसीलदाराबद्दलच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बांधावरून जाण्यायेण्याच्या रस्त्याचा हक्क जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार ठरवतात, पण त्या निर्णयाविरुद्धही एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मालकीचा वाद असला, की शेवटचा शब्द दिवाणी न्यायालयाचाच. सातबारावरच्या फेरफार नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

तुरुंगाबद्दलचे विधान तर निखालस खोटे आहे. तालुक्याच्या न्यायालयातले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी 3 वर्षांपर्यंत कारावास देऊ शकतात.

तालुक्यात तारखांवर तारखा पडतात, ही संदेशातली तक्रार मात्र कोणालाही खोडता येणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून गैरहजर राहणाऱ्याचा निकाल त्याच्या पाठीमागे आणि बहुधा त्याच्या विरुद्धच लागतो. वकिलाच्या खर्चाची अडचण असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. याच दाव्यात माझ्या मामीही प्रतिवादी आहेत आणि त्यांना तो हक्क आजही आहे.