‘फ्रेंच शिकणं म्हणजे वेळ वाया घालवणं’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

परकीय भाषा शिकायचीच असेल तर फ्रेंच सोडून काहीही शिका, असं सांगणारा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: फ्रान्सबाहेर फ्रेंच कोणी बोलत नाही, जगाचा कारभार इंग्रजीत चालतो, नोकरीत तिचा उपयोग शून्य, उच्चार आणि आकडे डोकं फिरवणारे, भाषांतराला आता यंत्रं आहेत, आणि दोन-दोन वर्षं शिकूनही हाती काही लागत नाही. मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवते. असलं काही वाचून मध्येच वर्ग सोडणारे विद्यार्थी मला भेटतात आणि मनापासून वाईट वाटतं. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

‘फ्रान्सबाहेर कोणी बोलत नाही.’ फ्रेंचमध्ये कारभार चालणारं सर्वांत मोठं शहर पॅरिस नाही, किन्शासा आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या या राजधानीत बाजारात आणि घरात लिंगाला ही स्थानिक भाषा ऐकू येते, पण शाळा, न्यायालय आणि सरकारी कागद फ्रेंचमध्ये असतात. कोत दिव्वारच्या (आयव्हरी कोस्ट) आबिजान शहरात तर कितीतरी मुलांची पहिली भाषाच फ्रेंच झाली आहे, आणि त्या फ्रेंचला तिचा स्वतःचा बाज आहे. फ्रेंचभाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2022 च्या अहवालात जगभरातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांचा आकडा 32 कोटी 10 लाख दिला होता. फ्रान्सची लोकसंख्या सात कोटींच्या आत आहे. म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांतले बहुसंख्य लोक फ्रान्सचे नाहीतच.

या आकड्यात अस्खलित बोलणारे आणि कामापुरतं बोलणारे असे दोन्ही धरलेले आहेत, हे लक्षात ठेवावं. शिवाय काही ठिकाणी फ्रेंच मागे हटते आहे, हेही लपवायचं कारण नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी गेल्या काही वर्षांत तिचा राजभाषेचा दर्जा काढून तिला कामकाजाच्या भाषेवर आणलं, आणि 2025 मध्ये या संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. ज्या करारातून ही संघटना उभी राहिली, तो 1970 साली नायजरच्याच राजधानीत, नियामेत झाला होता. फ्रेंच वसाहतीच्या आठवणी या देशांच्या निर्णयामागे आहेत आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण तीन देशांच्या निर्णयावरून ‘भाषा संपली’ म्हणणं म्हणजे सेनेगल, कॅमेरून, काँगो हे सगळे नकाशावरून पुसून टाकणं झालं.

‘जगाचा कारभार इंग्रजीत चालतो.’ पुष्कळसा चालतो, मान्य. पण वाद झाला की कुठला मजकूर ग्राह्य धरायचा, हा प्रश्न येतो, आणि तिथे चित्र बदलतं. ऑलिंपिकच्या सनदेत सरळ लिहिलं आहे की फ्रेंच आणि इंग्रजी पाठांत फरक आढळला, तर फ्रेंच पाठ प्रमाण. मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या व्याख्या ज्या अधिकृत पुस्तिकेत असतात, ती पॅरिसजवळच्या सेव्हर इथलं वजनमापांचं आंतरराष्ट्रीय कार्यालय काढतं. ती इंग्रजीतही मिळते, पण शंका आली तर फ्रेंच पाठ पाहायचा असतो. जागतिक टपाल संघटना 1874 सालची, आणि तिची अधिकृत भाषा आजही फ्रेंच आहे. इंग्रजी तिथे कामकाजाची भाषा म्हणून नंतर आली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल दोन्ही भाषांत निघतात आणि त्यांपैकी कुठला पाठ प्रमाण हे न्यायालय स्वतः ठरवतं. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाला 24 भाषांत काम करावं लागतं, तरी न्यायाधीशांची आपसातली चर्चा फ्रेंचमध्ये होते आणि निकालाचा मसुदाही फ्रेंचमध्येच लिहिला जातो. आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘इंग्रजी पुरे’ असं सांगणं म्हणजे त्याची दिशाभूल आहे.

गणिताचंही असंच आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. न्गो बाओ चाऊ या व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या गणितज्ञाला 2010 साली फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला, तो ‘मूलभूत लेमा’ नावाच्या विधानाच्या सिद्धतेसाठी. ती सिद्धता त्याने फ्रेंचमध्ये लिहिली. बीजगणिती भूमितीत पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याला आजही कधी ना कधी फ्रेंच पानं उलटावी लागतात. तेवढं वाचण्यापुरती फ्रेंच एका वर्षात येऊ शकते, बोलता आली नाही तरी.

‘नोकरीत, स्थलांतरात उपयोग नाही.’ कॅनडाचंच बघा. तिथे कायम राहायला जाऊ पाहणाऱ्या कुशल लोकांसाठीच्या एक्सप्रेस एन्ट्री योजनेत 2023 पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवडफेरी निघते. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चारही बाबतींत तिथल्या मोजपट्टीवर सातवी पातळी लागते. एकूण गुणांच्या हिशेबातही ही पातळी आणि सोबत बेताचं इंग्रजी असेल, तर 50 जादा गुण मिळत आले आहेत. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही योजना क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेर राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. क्वेबेक आपली निवड स्वतः करतो. बाकीच्या प्रांतांतलं फ्रेंच टिकावं म्हणून केंद्र सरकार माणसं शोधतं आहे. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी ताजे नियम वाचावेतच. पण ‘शून्य’ हा शब्द इथे बसत नाही.

मात्र दुसऱ्या बाजूने ‘फ्रेंच शिका, नोकरी पक्की’ अशी जाहिरात करणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. नुसत्या भाषेवर नोकऱ्या थोड्याच असतात. परिचारिका, अभियंता, वकील, हिशेबनीस यांच्या कौशल्याला फ्रेंच जोडली, की तिची किंमत कळते. युद्धग्रस्त आणि साथीच्या भागांत काम करणाऱ्या वैद्यकीय संस्थांना मध्य आणि पश्चिम आफ्रिकेसाठी फ्रेंच बोलणारे डॉक्टर लागतात, कारण रुग्णाचं दुखणं दुभाष्यामार्फत ऐकण्यात वेळ जातो आणि चुकाही होतात.

‘उच्चार आणि आकडे अशक्य.’ इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. लेखनात न उच्चारलेली अक्षरं भरपूर असतात, खरं आहे. पण ती नियमाने गप्प राहतात. बोलण्याच्या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ यांच्यासाठीची रूपं कागदावर तीन वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात. कानाला चारही ‘पार्ल’ अशीच लागतात. मराठीत त्याच जागी बोलतो, बोलतोस, बोलतो, बोलतात एवढं सांभाळावं लागतं, वर बोलते-बोलतेस आहेच. नियम एकदा कळले की समोरचा अनोळखी फ्रेंच शब्द बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो. इंग्रजीत ही खात्री देता येत नाही.

खरी अडचण एका स्वराची आहे: जीभ ‘ई’च्या जागी आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल. माझ्या वर्गात आम्ही आधी लांब ‘ई’ म्हणत राहतो आणि जीभ न हलवता हळूहळू ओठ पुढे आणतो. सुरुवातीला सगळे हसतात, मग कोणाचा तरी स्वर नेमका लागतो, आणि त्याचं ऐकून बाकीच्यांना जमू लागतं. नामांचं लिंग पाठ करावं लागतं ही तक्रार तीन लिंगं सांभाळणाऱ्या मराठी माणसाने करावी, याचं मात्र मला नवल वाटतं. विशेषणाने नामाप्रमाणे लिंग-वचन बदलायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलंच आहे. आकड्यांचं म्हणाल, तर नव्व्याण्णवला ‘चार-वीस-दहा-नऊ’ म्हणतात हे खरं, पण 69 पर्यंतची मोजणी अगदी सरळ आहे, आणि बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला साधे शब्दही आहेत. आपण तर शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा पाठ केला आहे.

‘यंत्र भाषांतर करतं.’ पाटी वाचायला, हॉटेलची नोंदणी करायला यंत्र छान आहे, मीही वापरते. पण मुलाखतीत, प्रयोगशाळेत, रुग्णाच्या खाटेशी माणूस बोलत असतो. फ्रेंचमध्ये आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत भेद आहे. यंत्र मराठीतून इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचमध्ये गेलं, की तो भेद वाटेतच गळतो आणि वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात एकेरी संबोधन येऊन बसतं. हे तपासायला सुद्धा भाषा यावी लागते.

आता तो अर्धा खरा मुद्दा. दोन वर्षं शिकून हाती काही लागलं नाही, असं म्हणणारे बहुतेक जण ए-2 पातळीवर थांबलेले असतात (युरोपीय मोजपट्टीवर ए-1 ते सी-2 अशा सहा पातळ्या आहेत, ए-2 ही खालून दुसरी आणि बी-2 चौथी). त्या पातळीवर ओळख करून देता येते, रस्ता विचारता येतो. विद्यापीठातलं व्याख्यान समजत नाही. फ्रेंच माध्यमातल्या पदवीला साधारणपणे बी-2 मागतात, कॅनडाच्या त्या सातव्या पातळीचा कसही जवळपास तोच, आणि तिथपर्यंत पोचायला शिकवणीचे 500 ते 650 तास धरून चालावं लागतं. इंग्रजीभाषक अमेरिकी मुत्सद्द्यांसाठीही हा अभ्यासक्रम 24 ते 30 आठवड्यांचा, पूर्ण वेळ असतो; जपानी किंवा अरबीसाठी 88 आठवडे लागतात. म्हणून वर्गात नाव घालताना पहिल्या पातळीचं शुल्क विचारून थांबू नका; तिथे बी-2 पर्यंत शिकवतात का, हे विचारा. परीक्षा निवडतानाही उद्देश बघा: डेल्फ या फ्रान्स सरकारच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, तर कॅनडासाठीच्या टेफ आणि टीसीएफचे निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे त्या परीक्षा अर्जाची तयारी झाल्यावरच द्याव्यात.