राज्याच्या मुख्य डॉक्टरची सही

माझी मावसबहीण मराठवाड्यात तालुका आरोग्य अधिकारी आहे. आमचा रविवारचा फोन हल्ली एकाच विषयावर येऊन थांबतो: राज्याच्या आरोग्य खात्यात वरच्या खुर्चीवर आयएएस असावा की डॉक्टर? सचिव आयएएस, आयुक्त आयएएस. संचालक डॉक्टर असतात, पण त्यांचाही प्रस्ताव पुढे वरच जातो. ताईचं म्हणणं स्पष्ट आहे, डॉक्टरच हवा.

मी तेरा वर्षं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते आहे. इथे जे पाहिलं त्यावरून मला वाटतं, खुर्ची कोणाची यापेक्षा डॉक्टरच्या सहीला काय वजन आहे, हे आधी विचारायला हवं.

इथे आरोग्य खात्याचा सचिव वेगळा आणि 'फिजिशियन जनरल' वेगळा. हे पद १९९६च्या कायद्याने निर्माण झालं. नेमणूक गव्हर्नर करतो, मंजुरी सिनेट देते. गव्हर्नरला आणि सचिवाला वैद्यकीय सल्ला देणं हे त्याचं मुख्य काम. मला आधी हे पद शोभेचं वाटलं होतं. २०१५ साली मत बदललं.

त्या काळात हेरॉइन आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनाने इथे घराघरांत माणसं दगावत होती. नॅलॉक्सोन हे औषध वेळेवर मिळालं तर थांबत आलेला श्वास परत सुरू होतो. पण त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागे, आणि व्यसनी मुलाच्या आईला चिठ्ठी कोण देणार? २०१४च्या कायद्याने वाट मोकळी केली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या वेळच्या फिजिशियन जनरल डॉ. रेचल लेव्हिन यांनी सगळ्या राज्यासाठी एकच स्थायी आदेश काढला. त्यांची सही हीच प्रत्येकाची चिठ्ठी. माझ्या शेजारणीने त्या आधारावर औषध आणलं आणि स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं, मुलासाठी. अशी चिठ्ठी लिहायला वैद्यकीय परवाना लागतो. कितीही कर्तबगार सनदी अधिकारी असला तरी ती सही त्याला करता आली नसती.

पण नुसतं पद असून भागत नाही, हेही याच देशात दिसलं. मिशिगन राज्यातही मुख्य वैद्यकीय अधिकारी होता. तरी एप्रिल २०१४ मध्ये फ्लिंट शहराचं पाणी नदीवर वळवलं गेलं, नळातून शिसं येऊ लागलं, आणि मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं सप्टेंबर २०१५ मध्ये जगापुढे मांडलं ते त्याच शहरातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी. राज्य सरकारने आधी त्यांचे आकडेच नाकारले. तो प्रसंग वाचताना मला आजही राग येतो.

आपल्याकडे २०२० मध्ये डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली कोविड टास्क फोर्स नेमला गेला. तज्ज्ञ उत्तम होते, पण काम सल्ला देण्याचं. साथ ओसरली की सल्लाही ओसरतो. आणि डॉक्टर-प्रशासकाची पत किती? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. मृत्यूंचा जाब विचारायलाच हवा होता. पण असा नव्हे.

म्हणून ताईचं म्हणणं मला अर्धंच पटतं. निविदा, बांधकामं, बदल्या आयएएसने सांभाळाव्यात, खुशाल. त्यातच अडकलेला डॉक्टर साथीकडे कधी बघणार? मात्र राज्याला एक मुख्य डॉक्टर हवा: सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेला, प्रभारी नव्हे तर ठरावीक मुदतीचा, आणि पाणी दूषित आहे हे मंत्र्यांची परवानगी न घेता जाहीर करण्याचा अधिकार कायद्याने असलेला. त्यासाठी अमेरिकेकडेच बघायला हवं असंही नाही. तामिळनाडूत १९३९चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, स्वतंत्र संचालनालय आहे आणि त्याचा स्वतःचा संवर्गही, म्हणजे याच कामासाठीच्या अधिकाऱ्यांची वेगळी फळी. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही सगळ्या राज्यांना असा संवर्ग सुचवला.

हे सांगितल्यावर ताई जरा गप्प झाली. मग तिने विचारलं, "गावातली विहीर बंद करा असं मी उद्या लिहून दिलं, तर माझ्या मागे उभा राहील असा एक तरी डॉक्टर मुंबईत असेल का?" तिच्या तालुक्यात आठवडाभर जुलाबाचे रुग्ण येत होते.