दोन होड्यांवर पाय

पन्नाशीनंतर माणसाने नवीन काही शिकू नये, असं माझं मत नाही. आमच्या हिचं आहे. "गुडघ्यांचा एक्स-रे काढून आलात तो कॅटमरान शिकायलाच का?" असं तिने विचारलं (कॅटमरान म्हणजे दोन सांगाडे जोडून केलेली शिडाची होडी), तेव्हा मी सांतियागो लांगेचा दाखला दिला. अर्जेंटिनाच्या या गृहस्थाने २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी, नाक्रा १७ या कॅटमरानवर सुवर्णपदक मारलं. तेही आदल्या वर्षी कर्करोगापायी फुफ्फुसाचा भाग काढून टाकल्यावर. शिवाय १९९६च्या ऑलिंपिकला तो लेझर या एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीवर, म्हणजे डिंगीवर होता, मुळात माझ्यासारखाच डिंगीवाला.

"तुमची फुफ्फुसं उत्तम आहेत," ती म्हणाली. "अडचण गुडघ्यांची आहे."

लेझरने मला कधी चारचौघांत खाली पाहायला लावलं नव्हतं. सव्वाचार मीटर लांबी, नुसत्या होडीचं वजन ५९ किलो, सात चौरस मीटरचं एकच शीड. एका हातात टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात मेनशीट म्हणजे शिडाचा दोर आणि सल्ला द्यायला कोणी नाही. वाऱ्याचा झपाटा आला की दोर थोडा ढिला सोडायचा, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवायची. होडी समंजसपणे सरळ होते. उलटलीच, तर सेंटरबोर्डवर (होडीच्या तळातून खाली सोडलेल्या फळीवर) उभं राहायचं, ती उठते, आपण पोटावरून घसरत आत. गोव्यातल्या दोनापावलाच्या जेटीवरून फोटो काढणाऱ्या पर्यटकांना हे सगळं मुद्दाम केल्यासारखं वाटायचं, आणि मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आता माझी कॅटमरान, होबी १६. पाच मीटर लांब, जवळजवळ अडीच मीटर रुंद, १४५ किलो, दोन शिडं मिळून २० चौरस मीटरच्या आसपास. दोन अरुंद हल म्हणजे सांगाडे आणि मध्ये ताणून बांधलेलं ट्रॅम्पोलिन. बसायला जागा ऐसपैस, धरायला काही नाही.

पहिली परीक्षा मात्र वाळूतच झाली. ट्रॅपीझसाठी, म्हणजे डोलकाठीच्या तारेला लटकून होडीबाहेर झुकायला, हार्नेस घालावा लागतो. मांड्यांखालून पट्टे, खांद्यांवरून पट्टे आणि समोर एक लोखंडी आकडा. हा आकडा बेंबीच्या जरा खाली यायला हवा. माझी बेंबी नेमकी कुठे, यावर किनाऱ्यावर दोन मतं पडली. शेवटी माझ्या भाचीने माझ्या कमरेला गुडघा टेकवून पट्टा ओढला. ही भाची माझी क्रू. किनाऱ्यावर ती मला "मामा, तुम्ही" म्हणते. पाण्यात उतरलो की "अरे सोड! सोड ना!" सुरू होतं. नातं भरतीच्या रेषेपर्यंतच.

लेझर टॅक करायला म्हणजे वळवायला मला विचार करावा लागत नसे. कॅटमरान मात्र वाऱ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. वजन कमी, वेग गेला की गेलाच, आणि दोन्ही हलना सरळ जायची खोड. मग ती मागे जायला लागते, तेव्हा रडर म्हणजे सुकाणू उलटे धरायचे, जिब म्हणजे पुढचं छोटं शीड उलट्या बाजूने भरून घ्यायची आणि म्हापशाच्या बाजारात अडकलेल्या कदंब बसप्रमाणे रिव्हर्स मारून वळण पुरं करायचं. पहिल्या दिवशी आम्ही बांबोळीच्या दिशेला बरंच अंतर कापलं, त्यातलं पुष्कळसं मागे.

पण खरी गंमत वाऱ्याची. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि काबोच्या टेकडीवरून, राजभवनाला वळसा घालून, झुवारी नदीत असा उतरतो की आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळंच. त्यात कॅटमरान जितकी वेगात जाते, तितका वारा पुढून लागतो. सुटलेला असतो बाजूने आणि येतो तोंडावर. आणि त्या वेगात, वारा मागच्या अंगाला असताना झपाटा आला, तर नाळ वाऱ्याकडे नाही, वाऱ्यापासून दूर न्यायची. वाऱ्याकडे नेलीत की वरचा हल आभाळात. माझ्या डोक्याला हे पहिल्याच दिवशी पटलं. हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा मात्र हाताने ऐकलं. झपाटा आला, मी टिलर ओढला, होडी वाऱ्यापासून वळली आणि सुसाट सुटली. मी ट्रॅपीझच्या तारेवर बाहेर लटकलेलो, अंगाखालून पाणी धावतंय, भाची ओरडतेय, "मागे ये, मागे ये!" मला वाटलं, कौतुक करतेय. तेवढ्यात खालच्या बाजूच्या हलने नाक पाण्यात खुपसलं. होडी थांबली. मला थांबायचं कारण नव्हतं. मी तारेसकट डोलकाठीला पुढून अर्धी प्रदक्षिणा घातली आणि पलीकडे शिडाच्या कापडावर उताणा आपटलो. होडीची मागची बाजू माझ्या मागोमाग डोक्यावरून आली. याला पिचपोल म्हणतात. जवळून एक होडी जात होती. त्यातल्या म्हाताऱ्या मासेमाराने इंजिन मंद करून अत्यंत अदबीने विचारलं, "पात्रांव, उदकांत कितें सोदतात?" म्हणजे, मालक, पाण्यात काय शोधताय?

आता उलटलेली कॅटमरान उठवायची, तर बोटभर सेंटरबोर्डवर भागत नाही. नाळ वाऱ्याकडे करायची, खालच्या हलवर उभं राहायचं, वरून आलेला दोर धरून मागे रेलायचं आणि शिडातलं पाणी निथळेपर्यंत वाट बघायची. इथे ना कौशल्य चालत, ना तारुण्य. इथे किलो लागतात. भाची एकटी लटकली, तर डोलकाठी हलतसुद्धा नाही. मी नुसता मागे झुकलो आणि अख्खी होडी उठून बसली.

ही बातमी पसरली. आता शिरदोनच्या बाजूला कॉलेजची दोन काटकुळी पोरं उलटली, की सेफ्टी बोटवाला त्यांच्याकडे जायच्या आधी मला घ्यायला येतो. मी त्यांच्या हलवर चढतो, दोर आकड्यात अडकवतो, रेलतो. पोरं "थँक्यू काका" म्हणतात आणि पाचव्या मिनिटाला मला मागे टाकून निघून जातात.

डॉक्टरांनी मात्र आठ किलो कमी करायला सांगितलंय. पावसाळ्यात करीन म्हटलं, तेव्हा होड्या बंदच असतात.

"पावसाळ्यात?" ही म्हणाली. "आणि चवथीच्या नेवऱ्या कोण खाणार?"